एकेचाळीस फॉर्मांचं एकच उत्तर

अक्का, तू मला दिलेला फॉर्म अजून कोराच आहे.

हे आधीच सांगून टाकतो, कारण तू असतीस तर पहिला प्रश्न तोच केला असतास. तुला जाऊन तेवीस दिवस झाले. तेवढ्या दिवसांत मी तो फॉर्म कितीदा खणातून काढला, चष्मा लावून वाचला, पेनचं टोपण उघडलं आणि परत आत ढकलला, ते मोजलेलं नाही. घरात बसवत नाही. पिंप्राळ्यातून स्कूटर काढतो, ऑफिसला पोचतो, तुझ्या टेबलाकडे बघतो आणि काहीतरी विसरून आल्यासारखा पुन्हा जिना उतरतो. खाली चहावाला विचारतो, "साहेब, एक का दोन?" त्याला अजून सवय आहे. मी एक म्हणतो आणि तोही अर्धा टाकून देतो. बायको म्हणते, एका जागी बसा हो जरा. बसतो. पाच मिनिटांनी ती स्वयंपाकघरातून बाहेर येते तेव्हा मी फाटकाशी असतो.

संस्थेने तुझ्यावर चार शब्द लिहायला सांगितलं. जन्म धरणगावचा, शिक्षण अमळनेरला, अमुक वर्षं सेवा, हे दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय आणि नीट लिहिलंय. मला त्यातलं काही सुचत नाही. तुझं माझं भांडण अर्धं राहिलंय आणि ते मला झोपू देत नाही. तू तुझी बाजू मांडून उठून गेलीस. ही काय रीत झाली?

तुला हे सगळं ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यालाही कळायला हवं, म्हणून सांगतो. आपण दोघं पाण्यावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत कामाला. माझं काम मॉडेलचं. पाऊस, नदी, पाट, विहिरी, पिकं हे सगळं आकड्यांत घालायचं, संगणकात एक नदी चालवायची आणि तिला विचारायचं, बाई, उद्या पाऊस कमी झाला तर काय होईल? तुझं काम माणसांचं. गावात जायचं, ज्यांचं पाणी आहे त्यांना भेटायचं, त्यांचं म्हणणं आमच्या मॉडेलपर्यंत आणायचं. मी त्याला 'चहा प्यायचं खातं' म्हणायचो. तू म्हणायचीस, "तुझ्या नदीला तहान लागत नाही ना रे भो, म्हणून तुला चहाचं कौतुक नाही." अमळनेरच्या कॉलेजात तू माझ्या दोन वर्षं पुढे होतीस. तेव्हापासून तू अक्का. नोकरीत मी तुझ्या वरच्या जागेवर गेलो तरी हाक तीच राहिली, आणि रागावलीस की तुझं "अनिल" म्हणणंही तेच राहिलं.

भांडण सुरू झालं त्या गावापासून. पांझरेकाठचं, धुळ्याहून साक्रीकडे जाताना लागतं. गावाचं नाव इथे लिहीत नाही. आपल्या रिपोर्टात त्यांचं नाव एकदा आलंय, तेवढं पुरे झालं. नदीवर जुना दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे चार फड. एका फडात एकच पीक. प्रत्येकाचा तुकडा जवळपास प्रत्येक फडात. कुठल्या फडात यंदा काय लावायचं ते सगळ्यांनी बसून ठरवायचं. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं, शेतकऱ्याने स्वतः पाटाला हात लावायचा नाही. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली रीत. मी हे सगळं पहिल्या भेटीतच ऐकलं होतं. वहीत लिहूनही घेतलं होतं, बंधाऱ्याचं छोटंसं चित्र काढून. मॉडेल करताना ते पान उघडलं नाही.

माझ्या मॉडेलमध्ये त्या गावाचे एकेचाळीस शेतकरी म्हणजे एकेचाळीस डोकी होती. प्रत्येकाचं स्वतंत्र डोकं, स्वतंत्र हाव, स्वतंत्र भीती. पाणी कमी पडलं की कोण बोअर घेईल, कोण पीक बदलेल, कोण पेराच कमी करील, हे मला माणसागणिक हवं होतं. म्हणून मी एक फॉर्म केला. प्रश्न एकच, 'बंधाऱ्याचं पाणी कमी पडलं तर तुम्ही काय कराल?' आणि खाली पाच पर्याय. रविवारी जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळ्यांना बोलावलं. एका बाकावर एक. शेजाऱ्याचं बघायचं नाही, बोलायचं नाही. साठी उलटलेली माणसं पाचवीच्या बाकांत गुडघे दुमडून बसली होती आणि मी दोन रांगांमधून हात मागे बांधून फिरत होतो. तू दाराशी उभी होतीस. माझ्याकडे बघत नव्हतीस.

उखा नाना, पाटकरी, त्यांनी पहिला फॉर्म आणून दिला. म्हणाले, "भाऊ, आम्ही काल सांजले बठनूत. बठ्ठासनं एकच शे." काल संध्याकाळी बसून ठरवलं, सगळ्यांचं एकच आहे, असं ते सांगत होते. मी मान डोलावली आणि सही कुठे करायची ते दाखवलं. मग मागे फळ्यावर बॅनर लावून फोटो काढला. 'लोकसहभागातून जलनियोजन.' नाना मधोमध उभे, टोपी नीट करून.

धुळ्याच्या बस स्टँडवर जळगावच्या गाडीची वाट पाहत मी गठ्ठा चाळायला लागलो. पहिल्या फॉर्मवर पाचही पर्याय कोरे आणि खाली हाताने लिहिलेलं, 'एक फड कोरडा ठेवू.' दुसऱ्यावर तेच. दहाव्यावर तेच. अक्षर वेगवेगळं, काहींचं दुसऱ्याने लिहून खाली अंगठा, पण शब्द तेच चार. एकेचाळीसच्या एकेचाळीस.

"अक्का, हे कॉपी केलंय."

"कॉपी नाही. ठरवलंय."

"यांना प्रश्न आधी कुणी सांगितला?"

"मी. शुक्रवारी फोन केला होता."

"म्हणजे तू पेपर फोडलास!"

स्टँडवरची दोन माणसं वळून बघायला लागली. तू शांतपणे शेंगा सोलत म्हणालीस, "अनिल, त्यांना पाण्याचं एकट्याने सांगता येत नाही. बसावं लागतं. तू त्यांना रविवारी अचानक विचारणार आणि ते काहीतरी खूण करणार, ते उत्तर तुला खरं वाटलं असतं. हे मात्र खोटं वाटतंय."

मला खोटं वाटत नव्हतं. मला ते वापरता येत नव्हतं. यातला फरक मी आज कबूल करतोय. एकेचाळीस माणसं एकच बोलली तर माझ्या मॉडेलला खायला काही उरत नव्हतं. त्याला वेगवेगळी उत्तरं हवी होती. फॉर्म मी बाजूला ठेवले आणि दुसरीकडचे, एकेकट्या बोअरवाल्या शेतकऱ्यांचे आकडे घेऊन त्या एकेचाळीस डोक्यांत भरले. मॉडेल छान चाललं. त्यातून शिफारस निघाली की फड मोडून प्रत्येक शेतकऱ्याला स्वतंत्र पाणीपाळी द्यावी. रिपोर्टचा मसुदा तयार झाला. बाराव्या पानावर शाळेतला फोटो.

तू मसुदा वाचलास आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलास. "उत्तरं नको होती तर फोटो तरी काढून टाक."

"फोटो लागतो गं. लोकसहभागाचा रकाना असतो."

"मग रकान्यात लिही, लोक आले, बसले, बोलले, आणि आम्ही ऐकलं नाही."

तू सही केली नाहीस. माझं नाव पहिलं, तुझं दुसरं, आणि तुझ्या नावापुढची जागा रिकामी. साहेबांनी दोनदा विचारलं. मी म्हणालो, करतील, करतील. माझी अडचण होते आहे हे तुला दिसत होतं आणि तू मुळीच विरघळली नाहीस. तेव्हा तुझा फार राग आला होता. आज तो राग कुठे ठेवू ते कळत नाही, अजून सगळा गेलेला नाही.

आणि मग तू तो दुसरा फॉर्म काढलास. यावेळी गावकऱ्यांसाठी नाही. आमच्यासाठी. नद्यांची, हवेची, जंगलाची मॉडेलं करणारे जेवढे ओळखीचे होते, आपल्या संस्थेतले आणि बाहेरचेही, सगळ्यांना पाठवलास. दोनच प्रश्न. पहिला, 'तुम्ही तुमच्या संशोधनात लोकांना का घेता?' दुसरा, 'लोकांच्या सांगण्यावरून तुमचं मॉडेल शेवटचं कधी बदललं?' नाव लिहायचं नाही. मला तू हातात आणून दिलास. मी म्हणालो, सूड घेतेस का? तू म्हणालीस, "नाही रे, उत्सुकता आहे. एवढी वर्षं आपण त्यांना विचारतोय, आपल्याला कुणी विचारलंच नाही."

त्या हिवाळ्यातली भरीत पार्टी आठवते का? शहराबाहेरच्या त्या शेतात, दुपारी. वांगी भाजून झाली होती, कळण्याच्या पुऱ्या निघत होत्या, सगळे पानं घेऊन निंबाखाली बसलो होतो. तू पिशवीतून आलेले फॉर्म काढलेस आणि म्हणालीस, वाचून दाखवते. पहिलं उत्तर, 'लोकसहभागामुळे संशोधनाला विश्वासार्हता येते व निष्कर्ष स्वीकारार्ह होतात.' दुसऱ्याचं पहिलं उत्तर, 'निष्कर्ष लोकांना स्वीकारार्ह व्हावेत व विश्वासार्हता वाढावी.' तिसऱ्याचं तेच, उलटसुलट करून. चौथ्याला लोक हसायला लागले. सातव्याला कुणी हसत नव्हतं. तू वाचतच गेलीस, आवाज न चढवता. मग म्हणालीस, "दुसऱ्या प्रश्नाचं वाचत नाही. वाचण्यासारखं काही नाही. बहुतेकांनी कोरा सोडलाय."

कुणीतरी म्हणालं, मॅडम, यात काय नवल, सगळे प्रपोजल लिहून लिहून तेच बोलणार. तू माझ्याकडे बघितलंस. मोठ्याने काही बोलली नाहीस, तेवढी सभ्यता तुझ्यात होती. पण मला ऐकू आलं. ते एकेचाळीस जण बसले, वाद घातला आणि एक उत्तर दिलं, त्याला मी कॉपी म्हणालो. आमच्यातलं कुणी यासाठी एकमेकांना भेटलं नव्हतं, बोललं नव्हतं, आणि तरी ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांचं उत्तर एकच होतं. माझ्या पानातलं भरीत गार होऊन गेलं.

नंतर जेवता जेवता लोक मोकळे झाले. ते जे बोलले ते तुझ्या फॉर्मवर कधी येणार नव्हतं. एक जण म्हणाला, लोकांना शेवटी बोलवावं, रिझल्ट दाखवायला. आधी बोलावलं की प्रत्येकाला आपल्या बांधापुरतं पाणी हवं असतं. दुसरी म्हणाली, मनापासून करायचंय हो, पण चार खेपा गावात घालायला गाडी कोण देतो, आणि पेपर मोजताना त्या खेपा कोण मोजतो? तिचं मला अगदी पटलं. एक ज्येष्ठ गृहस्थ पुरीचा घास हातात धरून म्हणाले, "लोकांना अनुभव असतो, पण अनुभवाला एकक नसतं." सगळे वा म्हणाले. तू विचारलंस, "सर, तुमच्या मॉडेलमध्ये भीती कुठल्या एककात मोजता?" त्यांनी ताक मागितलं.

माझं कारण यातलं एकही नव्हतं. माझं कारण असं की त्यांनी हात लावला तर मॉडेल माझं राहणार नाही. दहा वर्षं मी ते ओळ ओळ करून वाढवलं. त्यात कुठे काय आहे ते मलाच ठाऊक. उखा नाना येऊन म्हणाले की तुम्हनी नदी चुकीनी चाली राहिनी, तर मी काय करू? हे कुणाला सांगायचं? तुला सांगितलं असतं तर तू हसली नसतीस, एवढं आज कळतंय.

पण अक्का, एक गोष्ट माझीही ऐक. तू नेहमी शेवटी ऐकायचीस, म्हणून शेवटी सांगतोय. भरीत पार्टीनंतर एकदा दुसऱ्या कामासाठी धुळ्याला गेलो होतो, तिथून परत येताना, पारोळ्याच्या अलीकडे, गाडीत मी तुला विचारलं होतं, "त्या संध्याकाळच्या बैठकीला बाया किती होत्या?"

तू खिडकीबाहेर बघत होतीस. "नव्हत्या."

"आणि ज्यांची जमीन नाही, जे नुसते कामाला जातात, ते?"

"ते पाराच्या खाली उभे असतात. ऐकतात."

"मग एक फड कोरडा राहिला की कुणाची मजुरी बुडते? निंदणी कोण करतं तिथे? 'बठ्ठासनं एकच' म्हणजे नक्की कुणाचं?"

तू खिडकीची काच ओढून घेतलीस. मला वाटलं, जिंकलो. मग तू वळलीस आणि म्हणालीस, "हा खरा प्रश्न आहे. हे लिही ना तू माझ्या फॉर्मवर. हे विचारायला तरी परत जावं लागेल तुला."

तिथेच मी अडकलो. तो प्रश्न मी तुला गप्प करायला काढला होता, उत्तर शोधायला नाही. लिहिलं असतं तर जावं लागलं असतं. म्हणून लिहिलं नाही. फॉर्म खणात. तू दर आठ-पंधरा दिवसांनी विचारायचीस. शेवटचं विचारलंस तो शुक्रवार. तू जिना उतरत होतीस, मी चढत होतो.

"भरलास का रे?"

"सोमवारी देतो."

"कुठल्या सोमवारी?"

मी हसलो, तू हसलीस, आणि उतरून गेलीस. रविवारी सकाळी फोन आला. त्या सोमवारी मी तुझ्या दारात उभा होतो आणि खिशात पेन होतं. का ते विचारू नकोस.

बाराव्या दिवशी तुझ्या मुलीने मला एक कापडी पिशवी दिली. "मामा, हे ऑफिसचं असेल." आत दोन गठ्ठे, दोन्ही सुतळीने बांधलेले. एक गावाचा, एकेचाळीस फॉर्मांचा. मला वाटत होतं ते रद्दीत गेले. मीच एका दुपारी ऑफिसच्या रद्दीच्या खोक्यात ठेवले होते ते. तू तिथून उचलून नेलेस आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस. दुसरा गठ्ठा शास्त्रज्ञांचा. आणि त्या दुसऱ्या गठ्ठ्यावर सुतळीत अडकवलेला एक कोरा फॉर्म, कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक लिहिलेलं, 'अनिल — पहिला हरवला असेल.'

हरवला नव्हता गं. खणात होता. रिक्षात बसून मी तुझ्या मुलीसारखा रडलो आणि रिक्षावाल्याने न विचारता गाडी बाजूला घेतली.

त्यानंतर दोन दिवसांनी उखा नानांचा फोन आला. माझा नंबर त्यांना तूच दिला असशील.

"भाऊ, अक्काना फोन लागत नही. कितला दिन व्हयी गयात."

त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. आपण एवढी माणसं, वर्तमानपत्रात बातमी दिली, संस्थेत शोकसभा घेतली, आणि ज्यांच्याकडे तू महिन्यातून दोनदा जायचीस त्यांना कुणी एक फोन केला नाही. मी सांगितलं. पलीकडे पाण्याचा आवाज येत होता, बहुधा पाटावर उभे असावेत.

"आम्हले कोनी सांगं नही," ते म्हणाले.

"चुकलं नाना."

पुन्हा पाणी. मग ते म्हणाले, "यंदाना फड ठरावाना शे. आम्हनं उत्तर टाकीसन संगणक काय सांगस, ते अक्का दखाडनार व्हती." आणि थोडं थांबून, "मंग आता आम्हनं उत्तर कोना जोडे शे?"

आमचं उत्तर आता कुणाकडे आहे. अक्का, मी आजवर कितीतरी सभांतून लोकसहभागावर बोललो. चांगला बोललो. हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता, आणि मी स्वतःला तर नाहीच. पिशवी समोर खुर्चीवर होती.

"माझ्याकडे आहे, नाना."

"मंग बराबर शे. जपी ठेवा."

फोन ठेवला आणि मग मात्र बसवेना. त्यांचं उत्तर संगणकात घालून दाखवायचा तू त्यांना शब्द दिला होतास आणि ज्या मॉडेलवर दिला होतास ते माझ्या हातात होतं. ते मी बदललं नाही तर महिनाअखेर रिपोर्ट जाणार, तुझ्या सहीशिवाय, आणि त्यात लिहिलेलं असणार की फड मोडा, लोकांशी बोलून ठरलंय. बाराव्या पानावर नाना टोपी घालून उभे.

मंगळवारी सकाळी मी दार लावून बसलो आणि ती एकेचाळीस डोकी काढून टाकली. त्या जागी एकच ठेवलं, बसून ठरवणारं. ऐकायला सोपं वाटतं. सगळा सांगाडा त्या डोक्यांवर उभा होता, दर तासाला कुठेतरी काहीतरी कोसळत होतं. जुनी वही काढली. पहिल्या भेटीचं ते पान, बंधाऱ्याचं चित्र, शेजारी तुझ्या अक्षरात, 'पाटाला हात फक्त पाटकऱ्याचा!' उद्गारचिन्हासकट. तेव्हा माझ्याच वहीत तू लिहून ठेवलं होतंस. दुपारी डबा उघडला नाही. चारच्या सुमाराला मॉडेल चाललं.

तुला वाटेल तू जिंकलीस. ऐक तर. मी पाहिलं, कमी पावसाच्या वर्षी स्वतंत्र पाळी दिली की पाटाच्या तोंडाकडचे भरून घेतात आणि शेपटाकडची शेतं करपतात. एक फड कोरडा ठेवला तर सगळ्यांचं थोडंथोडं जातं आणि सगळ्यांचं बरंचसं राहतं. इथवर तुझं. पण लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला तर एक फड पुरत नाही, दुसऱ्या वर्षी पाटच आटतो. मला वाटलं, सापडले. नानांना फोन लावला आणि आवाजात जरा ऐट होती, खोटं कशाला बोलू.

"नाना, सलग दोन वर्षं पाऊस कमी झाला तर तुमचं उत्तर चुकतंय."

"दोन वरीस लागोपाठ? तव्हय दोन फड कोरडा." एवढं साधं कसं कळत नाही असा सूर. "तुम्ही इचारंच नही."

मी फॉर्म बघितला. खरंच विचारलं नव्हतं.

मग मी गाडीतला तो आपला प्रश्न काढला. म्हटलं नाना, एक विचारतो, रागावू नका. बैठकीला बाया का नसतात? फड कोरडा राहिला तर त्यांची निंदणी जाते ना? मला वाटलं फोन ठेवतील.

"बलायेल नही कव्हयच," ते म्हणाले. कधी बोलावलंच नव्हतं. मग हळूच, "तुम्ही बलावा. बाहेरना मानूसनं कोनी वाईट मानत नही."

परवा, गुरुवारी, दुपारी तीनला बैठक आहे. शाळेत नाही, पारावर. मी एकटाच जाणार आहे आणि मला धाकधूक वाटतेय. मला तुझ्यासारखं बोलता येत नाही. त्यांची भाषा मला समजते, पण तोंडात बसत नाही. बाया आल्या आणि म्हणाल्या की एकही फड कोरडा नको, तर नानांचं एक उत्तर मोडेल, माझं मॉडेल पुन्हा कोसळेल, आणि मला सावरायला तू नसशील. येतील की नाही तेही ठाऊक नाही. रिपोर्टला मुदतवाढ मागितली तेव्हा साहेब म्हणाले, आता काय नवीन निघालं? मी म्हणालो, लोकांना विचारायचं राहिलंय. ते बाराव्या पानावर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिले. तो फोटो मी त्यांच्यासमोरच काढून टाकायला सांगितला.

तुझी मला किती सवय होती हे तुला कधी सांगितलं नाही. नोकरीत मला हो म्हणणारे पुष्कळ मिळाले. माझ्या कामात एवढा जीव घालून मला नाही म्हणणारी तू एकटी होतीस. त्याचे आभार मानायचे असतात हे मला फार उशिरा कळलं. आभार, अक्का.

हे लिहिता लिहिता फॉर्म पुढ्यात घेतलाय. तू पेन्सिलीने नाव लिहिलेला तो. पहिला प्रश्न, 'तुम्ही तुमच्या संशोधनात लोकांना का घेता?' लिहिलं, 'आजवर फोटोसाठी घेत होतो. त्यांनी हात लावला तर मॉडेल माझं राहणार नाही अशी भीती होती. ती खरी ठरली आहे.'

दुसरा प्रश्न, 'लोकांच्या सांगण्यावरून तुमचं मॉडेल शेवटचं कधी बदललं?' लिहिलं, 'गेल्या मंगळवारी.'

सुतळी सोडून फॉर्म आत ठेवला आणि पुन्हा बांधली. गावाच्या गठ्ठ्यात, नानांच्या फॉर्मखाली. आमच्या लोकांच्या गठ्ठ्यात नाही.